छर्ऱ्याची बंदूक कॉक होत नाही? ब्रेक-बॅरल एअर रायफलमध्ये नेमकं काय बिघडतं आणि कुठे हात लावायचा नाही

नळी खाली ओढली की शेवटी 'कट' असा आवाज येतो. मग छर्रा बसवायचा, नळी बंद करायची, नेम धरायचा. ब्रेक-बॅरल एअर रायफल वापरणाऱ्यांच्या कानाला हा 'कट' इतका सवयीचा असतो की तो आला नाही की लगेच कळतं, काहीतरी बिघडलंय. नळी पूर्ण खाली येते, पण हात जरा सैल केला की ती जोराने परत वर जायला बघते. आतली स्प्रिंग दाबली गेली आहे, पण तिला धरून ठेवणारं काहीच नाही.

या बंदुकीतला सगळ्यात धोकादायक बिघाड हाच. आणि बहुतेक जण नेमकी इथेच चूक करतात. 'परत एकदा ओढून बघू' म्हणत पाच-सहा वेळा नळी ओढतात.

नालासोपारा पूर्वेच्या आचोळ्यात आज तलावाच्या आजूबाजूला इमारतींची दाटी आहे. पण वसई तालुक्यातल्या बऱ्याच जुन्या घरांमध्ये वाडीतली पाखरं हाकायला घेतलेली छर्ऱ्याची बंदूक माळ्यावर पडलेली असते. नव्या इमारतींमध्ये ती वेगळ्या वाटेने येते. शालेय स्पर्धांमध्ये ओपन साइट आणि पीप साइट असे एअर रायफलचे प्रकार असतात, म्हणून मुलांसाठी घेतली जाते. काही जण ऑनलाइन जाहिरात पाहून घेतात. बिघडली की मात्र सगळ्यांपुढे प्रश्न एकच असतो, ही दाखवायची कुणाला? मिक्सर दुरुस्त करणारा हात लावत नाही. मग कुणीतरी सुचवतं, वालीव किंवा सातिवलीच्या गाळ्यात लेथवाल्याकडे ने, तो करून देईल. तो खरंच करून देईलही. पण त्याआधी आत काय आहे हे माहीत असलेलं बरं.

आत काय असतं?

नावात 'एअर' असलं तरी या बंदुकीत हवा भरून ठेवलेली नसते. चाप ओढल्यानंतर हवा तयार होते, म्हणजे दाबली जाते.

नळीच्या मागे एक जाड पोलादी सिलिंडर असतो. त्यात एक दट्ट्या आणि त्याच्या मागे जाडजूड स्प्रिंग. नळी बिजागरीवर मोडली की तिला जोडलेली एक लांब पट्टी दट्ट्याला मागे ढकलते आणि स्प्रिंग दाबली जाते. नळी इथे तरफेचं काम करते, म्हणूनच इतकी ताकदवान स्प्रिंग एका हाताने दाबता येते. दट्ट्या पूर्ण मागे गेला की चापाच्या यंत्रणेतला एक छोटा पोलादी दात त्याच्या खाचेत अडकतो. या दाताला 'सिअर' म्हणतात. आपल्याला ऐकू येणारा 'कट' म्हणजे सिअर बसल्याचा आवाज.

चाप ओढला की सिअर सुटतो. स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते, सिलिंडरमधली हवा दाबली जाते आणि पुढच्या भिंतीतल्या एका बारीक भोकातून थेट छर्ऱ्याच्या मागे जाते. हे सगळं सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात होतं.

सायकलचा जुना पंप आठवून बघा. पंपाचा चामड्याचा वायसर सुकला की कितीही जोर लावा, हवा जात नाही. थेंबभर तेल सोडलं की पंप परत चालतो. एअर रायफलच्या दट्ट्याच्या टोकाला असाच एक वायसर असतो. जुन्या बंदुकांत तो चामड्याचा असायचा, आता बहुतेक सिंथेटिक असतो. आणि नळी जिथे सिलिंडरला टेकते त्या तोंडाशी एक छोटी ओ-रिंग असते, तिला ब्रीच सील म्हणतात. म्हणजे सिअर, स्प्रिंग, दट्ट्याचा वायसर, ब्रीच सील आणि बिजागरी. या बंदुकीची बहुतेक दुखणी या पाच जागांवरच निघतात.

ही रचना शंभर वर्षांहून जुनी आहे. जर्मनीतल्या राश्टाट इथे १८९० मध्ये सुरू झालेल्या कंपनीचा 'डायना' हा ब्रँड इतका पसरला की आपल्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी छर्ऱ्याच्या बंदुकीला 'डायना'च नाव ऐकू येतं. महाराष्ट्राचाही यात एक गमतीशीर धागा आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये स्थापन केलेली इंडियन ह्यूम पाइप ही कंपनी पाण्याच्या सिमेंट पाइपांसाठी ओळखली जाते, पण तिने एअर रायफलीही बनवल्या आहेत. जुन्या घरात 'आयएचपी' अशी अक्षरं असलेली बंदूक सापडली तर ती या कंपनीची.

'कट' आवाज येत नाही

पहिली गोष्ट, नळी सोडू नका. एका हाताने घट्ट धरून ठेवा आणि हळूहळू, ताबा न सोडता वर येऊ द्या. स्प्रिंगने फेकलेली नळी सिलिंडरवर आपटली तर मध्ये आलेलं बोट तुटू शकतं. बोट वाचलं तरी नळी वाकते, आणि वाकलेली नळी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

यासाठी एक सवय लावून घ्यावी, बंदूक चांगली असतानाही. कॉक केल्यावर छर्रा बसवेपर्यंत एका हाताने नळी धरूनच ठेवायची. नळी उघडी असताना चापाजवळ बोट न्यायचं नाही. अलीकडच्या अनेक बंदुकांत नळी उघडी असताना चाप ओढला जाऊ नये म्हणून अडकवणारी सोय असते. जुन्या आणि स्वस्त बंदुकांत ती नसते, किंवा झिजलेली असते. त्या सोयीवर बोटाची जबाबदारी टाकू नये.

आता कारणं. सगळ्यात साधं कारण म्हणजे नळी पूर्ण खाली आलेली नसते. लहान मुलं आणि नवशिके शेवटचा इंचभर भाग सोडतात, कारण तिथेच सर्वात जास्त जोर लागतो. नेहमी वापरणाऱ्या मोठ्या माणसाने एकदा सावकाश, शेवटपर्यंत ओढून पाहावं. 'कट' झालं तर बंदूक ठीक आहे, ती वापरणाऱ्याच्या हातात अजून ताकद यायची आहे.

दुसरं कारण जास्त वेळा सापडतं. चापाजवळ एक-दोन छोटे स्क्रू असतात, चाप हलका किंवा जड करण्यासाठी. 'चाप हलका केला की नेम चांगला लागतो' हे कुठेतरी ऐकून किंवा व्हिडिओत पाहून कुणीतरी ते फिरवलेले असतात. स्क्रू प्रमाणाबाहेर फिरला की सिअर खाचेत पुरता बसतच नाही. कधी अजिबात अडकत नाही, तर कधी केसभर अडकतो आणि नळी बंद करताना बसणाऱ्या झटक्याने सुटतो. हे दुसरं जास्त वाईट, कारण तेव्हा छर्रा आत असतो. बिघाड होण्याच्या आधीच्या दिवसांत कुणी त्या स्क्रूला हात लावला होता का, हा प्रश्न घरात आधी विचारावा. लावला असेल तर बंदुकीसोबत आलेल्या पत्रकात दिलेल्या मूळ जागी स्क्रू आणावा. पत्रक नसेल तर अंदाजाने फिरवत बसू नये.

तिसरं कारण म्हणजे झीज. सिअरची धार आणि दट्ट्याची खाच दोन्ही पोलादी असतात, पण हजारो वेळा घासून गोल होतात. इथे कानस घेऊन 'धार लावून बघू' म्हणणारे कारागीर भेटतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणावं. या भागांना वरून कडकपणा दिलेला असतो. तो थर घासून निघाला की आतलं मऊ पोलाद दुप्पट वेगाने झिजतं, आणि काही आठवड्यांत बंदूक हात न लावता सुटायला लागते. झिजलेला सिअर बदलायचा असतो, घासायचा नसतो.

कॉकिंगची पट्टी वाकणं किंवा तिचा पिन निसटणं हेही घडतं. अशा वेळी नळी ओढताना वाटेत कुठेतरी अडखळते किंवा एका बाजूला ओढ घेते.

यांतलं पहिलं कारण सोडलं तर प्रत्येक वेळी बंदूक बाजूला ठेवायची. दोनदा प्रयत्न करून 'कट' आला नाही, तर तिसऱ्यांदा ओढायची नाही.

टोकियोतला तुटलेला लिव्हर

कॉकिंगच्या यंत्रणेतला बिघाड किती महागात पडू शकतो, हे भारताने २५ जुलै २०२१ रोजी पाहिलं. टोकियो ऑलिम्पिकच्या १० मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर तुटला. ते पिस्तूल स्प्रिंगचं नव्हतं, दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारं होतं. पण काम तेच, गोळीआधी यंत्रणा सज्ज करायची. संघासोबत असलेले मुंबईचे प्रशिक्षक रौनक पंडित यांनीच नंतर बिघाडाची माहिती दिली. दुरुस्तीत बरीच मिनिटं गेली, घड्याळ थांबलं नाही, आणि उरलेले शॉट घाईत मारावे लागले. मनूचे ५७५ गुण झाले. ती बाराव्या स्थानावर राहिली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये याच प्रकारात तिने कांस्यपदक मिळवलं.

त्या दर्जाच्या खेळाडूच्या हत्याराची नियमित देखभाल होते, तरी धातू तुटतो. माळ्यावर दहा वर्षं पडून राहिलेल्या बंदुकीची काय कथा.

'जोर कमी झालाय'

हा बिघाड हळूहळू येतो, म्हणून उशिरा लक्षात येतो. आधी पुठ्ठ्यातून आरपार जाणारा छर्रा आता पुठ्ठ्यात अडकतो. किंवा साइट न हलवताही नेम खाली लागायला लागतो.

खाली का, याचं गणित सोपं आहे. छर्रा सेकंदाला १५० मीटर वेगाने निघाला तर १० मीटर जायला त्याला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. तेवढ्या वेळात तो गुरुत्वाकर्षणाने सुमारे २.२ सेंटिमीटर खाली येतो. वेग ११० मीटरवर आला तर तीच घसरण सुमारे ४ सेंटिमीटर होते. हवेचा विरोध यात धरलेला नाही, पण अंदाज यायला एवढं पुरे. म्हणजे वेग मोजायचं क्रोनोग्राफ यंत्र नसलं तरी कागदाचं टार्गेट तुम्हाला वेग कमी झाल्याचं सांगतं. अट एवढीच की छर्रे त्याच जातीचे हवेत आणि अंतर तेच हवं.

गळती शोधायची सुरुवात सोप्या जागेपासून करावी, म्हणजे ब्रीच सीलपासून. टिश्यू पेपरची बारीक पट्टी नळी आणि सिलिंडरच्या सांध्यावर हलकेच ठेवा. मागे भक्कम आडोसा असलेल्या टार्गेटवर, छर्रा घालून, नेहमीसारखी एक गोळी मारा. पट्टी जोरात उडाली तर हवा सांध्यातून निसटते आहे. ओ-रिंग नखाने दाबून पाहिली तर बहुतेकदा कडक झालेली, चपटी झालेली किंवा चिरलेली दिसते. ती टाचणीने काढून त्याच मापाची नवी बसवणं हे घरी करण्यासारखं काम आहे. माप मात्र नेमकं हवं. पातळ बसवली तर गळती राहते आणि जाड बसवली तर नळी नीट बंद होत नाही. नळाच्या दुकानातली दिसायला तशीच रिंग आणून भागवलं जातं, ते फार दिवस टिकत नाही.

ब्रीच सील ठीक निघालं तर संशय दट्ट्याच्या वायसरवर जातो. चामड्याचा वायसर असलेली बंदूक वर्षानुवर्षं न वापरल्याने सुकली असेल तर तिला तेलाचा थेंब देऊन, रात्रभर नळी वर करून उभी ठेवून जाग येते. तेल कोणतं, हे मात्र महत्त्वाचं. इथे लोक खोबरेल तेल, शिलाई मशीनचं तेल, गंज सोडवायचा स्प्रे, जे हाताशी असेल ते सोडतात. दट्ट्या हवा इतक्या वेगाने दाबतो की ती क्षणभर प्रचंड तापते. त्या उष्णतेने तेलाची वाफ पेटते. मोठा आवाज होतो, नळीतून धूर येतो, छर्रा जास्त वेगाने जातो. लोकांना वाटतं बंदूक सुधारली! डिझेल इंजिन ज्या तत्त्वावर चालतं तेच हे तत्त्व, म्हणून याला डिझेलिंग म्हणतात. प्रत्येक स्फोटाबरोबर वायसर जळतो आणि स्प्रिंगला उलटा धक्का बसतो. त्यामुळे सिलिंडरमध्ये सोडायचंच असेल तर एअर रायफलसाठी मिळणारं सिलिकॉन तेल, तेही एखादा थेंब. सिंथेटिक वायसरच्या बंदुकीला तर बहुतेक वेळा त्याचीही गरज नसते. शिलाई मशीनचं तेल बिजागरीला आणि बाहेरच्या धातूला चालतं.

नव्या बंदुकीने पहिल्या काही गोळ्यांना थोडा धूर काढला तर घाबरायचं कारण नाही, कारखान्यातलं जास्तीचं तेल जळतं. शंभर गोळ्यांनंतरही धूर येत असेल तर कुणीतरी आत तेल सोडलेलं आहे.

मग राहते स्प्रिंग. तुटलेल्या स्प्रिंगची बंदूकही चालते, हे अनेकांना खरं वाटत नाही. तुकडे एकमेकांत अडकून काम करत राहतात. पण ओळखता येतं. कॉक करताना पूर्वीपेक्षा कमी जोर लागतो, आत खरखर किंवा खडखड जाणवते, गोळी मारल्यावर 'ट्वँग' असा लांबलेला आवाज येतो. बंदूक कॉक करून तासन्‌तास तशीच ठेवायची सवय असेल तर स्प्रिंग न तुटताही थकते. आणि सगळ्यात लवकर स्प्रिंग नि वायसर दोन्ही संपवायचे असतील तर छर्रा न घालता चाप ओढत राहायचा. छर्रा असला की त्याच्या मागे हवेची उशी तयार होते, तिच्यावर दट्ट्या मंदावतो. छर्रा नसला की तो थेट लोखंडी भिंतीवर आपटतो. दुकानात किंवा पाहुण्यांना 'हे बघा, अशी चालते' दाखवताना हेच होतं.

हे घरी उघडू नका

वायसर किंवा स्प्रिंग बदलायची म्हणजे सिलिंडर मागून उघडावा लागतो. इथे थांबायचं.

कॉक न केलेल्या बंदुकीतही स्प्रिंग आधीच काही इंच दाबून बसवलेली असते. मागचा ठोकळा धरून ठेवणारा पिन किंवा बोल्ट निघाला की ती मोकळी होते, आणि ठोकळा समोरच्याच्या तोंडाच्या उंचीवर उडतो. इंटरनेटवर 'दोन मिनिटांत स्प्रिंग बदला' छापाचे व्हिडिओ भरपूर आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांनी स्प्रिंग दाबून धरणारा लांब शिकंजा टेबलाला बसवलेला असतो, तो फ्रेमच्या बाहेर राहतो. ज्याच्याकडे असा शिकंजा नाही, त्याने हे काम घेऊ नये, मग तो कितीही हुशार फिटर असो. लेथवाल्याकडे गेलात तर पहिला प्रश्न हाच विचारा.

दुसरा प्रश्न तो तुम्हाला विचारेल, 'जरा जोरदार स्प्रिंग टाकू का?' त्याचं उत्तर कायद्यात आहे.

जोरदार स्प्रिंग आणि २० ज्यूलची रेघ

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार एअर रायफलला परवाना लागणार की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं. नळीचं माप .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, किंवा नळीतून निघताना छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या वर जात असेल, तर परवाना हवा. म्हणजे .२२ ची एअर रायफल विनापरवाना घरात ठेवता येत नाही, भले ती कितीही कमजोर असो.

ऊर्जा मोजायला शाळेतलं सूत्र पुरतं, वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. .१७७ चा नेहमीचा ८ ग्रेनचा छर्रा सुमारे ०.५२ ग्रॅमचा असतो. १५० मीटर वेगाला त्याची ऊर्जा सहा ज्यूलच्या आतच राहते. पण वेग सेकंदाला २७७ मीटरच्या आसपास गेला की २० ज्यूलची रेघ येते. खोक्यावर १००० फूट प्रतिसेकंद छापलेलं असेल तर तो वेग होतो ३०५ मीटर. ८ ग्रेनच्या छर्ऱ्याला तो खरंच मिळाला तर ऊर्जा २४ ज्यूल होईल. बहुतेकदा तो आकडा सर्वात हलक्या छर्ऱ्यावर मोजलेला असतो. ५ ग्रेनचा छर्रा धरला तर उत्तर १५ ज्यूल येतं. म्हणून खोक्यावरचा वेग वाचताना छर्ऱ्याचं वजनही वाचावं.

मूळ बंदूक मर्यादेत असली तरी दुरुस्तीच्या नावाखाली जड स्प्रिंग बसवून ती मर्यादेबाहेर नेता येते, आणि मग ती विनापरवाना शस्त्र ठरू शकते. जबाबदारी बंदूक बाळगणाऱ्याची. खरेदीची पावती आणि माहितीपत्रक जपून ठेवावं. शंका असेल तर आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात विचारावं. आचोळ्यासाठी ते आचोळे पोलीस ठाणं, ऑक्टोबर २०२० पासून सुरू झालेल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयातलं.

दुरुस्तीनंतरची चाचणी गच्चीवर घेऊ नका, हेही इथेच सांगायला हवं. चुकलेला छर्रा दोनशे मीटरच्या पुढे जाऊ शकतो, आणि आचोळ्यात दोनशे मीटरमध्ये किती खिडक्या येतात हे गच्चीवरून मोजता येईल. निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ लागू होऊ शकतं. पक्ष्यांवर किंवा तुंगारेश्वरच्या जंगलात जाऊन नेम आजमावणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सरळ शिकारीचा गुन्हा आहे.

बंदूक चालते, पण नेम लागत नाही

इथे बातमी चांगली आहे. बहुतेकदा स्क्रू सैल झालेले असतात, बाकी काही नाही. स्प्रिंगच्या बंदुकीला दोन धक्के बसतात, दट्ट्या निघताना मागे आणि थांबताना पुढे. या हेलकाव्याने लाकडी दस्ता धरून ठेवणारे पुढचे दोन आणि चापाजवळचे स्क्रू हळूहळू ढिले होतात. खाचेत घट्ट बसणारा स्क्रू ड्रायव्हर घेऊन ते आवळा. लाकडात फार आवळले तर लाकूड चिरतं.

मग बिजागरी. बंदूक कॉक नसताना नळी बंद करून डावी-उजवीकडे हलवून बघा. टकटक हलली तर बिजागरीचा बोल्ट सैल आहे. तो एकेक पाव फेरा आवळायचा. प्रमाण कसं ओळखायचं? कॉक केल्यावर नळी हाताने अर्ध्यावर आणली तर आपल्या वजनाने खाली पडायला नको, जिथे आणली तिथे राहायला हवी. हे पाहतानाही नळीवरचा हात काढायचा नाही, फक्त पकड हलकी करायची.

दुर्बीण लावलेली असेल तर ती काढून मूळ माशीवर दहा गोळ्या मारून पाहाव्यात. पावडरच्या बंदुकीसाठी बनलेली महागडी दुर्बीणसुद्धा हा दोन्ही बाजूंचा हेलकावा सहन करेलच असं नाही.

छर्रा नळीत अडकला असेल तर त्याच्यामागे दुसरा मारून तो काढायचा प्रयत्न करू नका. बंदूक कॉक नाही याची खात्री करून, नळी उघडून, तोंडाकडून पितळी किंवा लाकडी काठीने तो मागे ढकला. छत्रीची काडी आणि सायकलचा स्पोक या दोन गोष्टींनी नळीच्या आतले आटे जितके खराब झालेत तितके छर्ऱ्यांनी झालेले नाहीत. बॉल बेअरिंगच्या गोळ्याही नकोत. शिसं मऊ असतं, पोलाद नसतं. छर्रे हाताळल्यावर हात धुवायचे ते याच शिशासाठी.

पावसाळा

वसई किनाऱ्याजवळची हवा वर्षभर दमट, त्यात जून ते सप्टेंबर. फोम लावलेल्या पिशवीत बंदूक ठेवली की फोम ओल धरतो आणि महिन्याभरात नळीवर तांबूस ठिपके दिसतात. बाहेरून तेलाचा पुसट हात फिरवून, सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, कॉक न करता ठेवावी. कुलपात, आणि छर्रे वेगळ्या जागी.

दुरुस्त होऊन आल्यावर

बंदूक हातात घेताना कारागिराकडून तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. काय बदललं, जुना भाग कुठे आहे, आणि नवी स्प्रिंग मूळ मापाचीच आहे का. जुना भाग परत मागण्यात संकोच नको. तुटलेली स्प्रिंग किंवा गोल झालेला सिअर हातात घेतला की बिघाडाचं कारण खरं होतं की नाही ते दिसतं.

पहिली चाचणी नेमबाजीच्या रेंजवर घेता आली तर उत्तम. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पनवेलला ऑलिम्पिक नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. जायच्या आधी फोन करून बाहेरची बंदूक आणायला परवानगी आहे का हे विचारावं. क्रोनोग्राफ मिळाला तर दहा गोळ्यांचे वेग लिहून घ्यावेत. दहाही आकडे जवळजवळ असतील तर सील आणि स्प्रिंग नीट बसले आहेत. एखादा सतत खाली-वर होत असेल तर सांध्यावर पुन्हा टिश्यूची पट्टी ठेवून बघावी. आणि ८ ग्रेनच्या छर्ऱ्याला वेग २७७ मीटरच्या जवळपास दिसला, तर बंदूक घरी न नेता स्प्रिंग बदलून घ्यायला परत त्याच कारागिराकडे न्यावी.